निकोचा उजवा हात

आमच्या आगाशीत हेवी मेटल ऐकणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलीही दोन आता कॅनडात आहेत. विरार स्टेशनवरून रिक्षात बसून बोळिंज ओलांडलं की केळीच्या वाड्या लागतात, सुकेळीच्या पुड्या विकणारी दुकानं लागतात, भवानीशंकराचं देऊळ, जैन मंदिर, चर्च, सगळं लागतं. तिथे कुणी आयर्न मेडनचा काळा टी-शर्ट घालून फिरलं की म्हातारी माणसं त्या छातीवरच्या सांगाड्याकडे बघून विचारायची, "काय रे, वेताळ का हा?" (त्या सांगाड्याचं नाव एडी. पण वेताळ म्हटलं तरी काही बिघडत नाही.)

तर आजचा विषय आयर्न मेडन. म्हणजे सुरुवात तिथून. शेवट कुठे होईल ते बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात इतिहास. १९७५ च्या नाताळात लंडनच्या पूर्वेकडच्या लेटन भागात स्टीव्ह हॅरिस नावाच्या १९ वर्षांच्या पोराने हा बँड काढला. पूर्व लंडन म्हणजे गोदी कामगारांचा, कारखान्यांचा भाग. आपल्याकडच्या लालबाग-परळचा भाऊच म्हणा. हॅरिस ड्राफ्ट्समनची नोकरी करायचा, ती गेल्यावर रस्ते झाडायचंही काम केलं. वेस्ट हॅम क्लबाकडून फुटबॉल खेळायची संधी दाराशी आली होती, ती सोडून त्याने बेस गिटार धरली. १९७८ च्या अगदी शेवटी, ३१ डिसेंबरच्या आसपास स्टुडिओ स्वस्तात मिळतो म्हणून केंब्रिजला जाऊन यांनी चार गाणी रेकॉर्ड केली. मूळ टेप विकत घ्यायला पैसे नव्हते. पैसे जमवून परत गेले तोवर स्टुडिओवाल्यांनी टेप पुसून टाकली होती! मग हातात होती तेवढ्या प्रतीवरून 'द साउंडहाउस टेप्स' नावाची छोटी रेकॉर्ड १९७९ मध्ये काढली आणि पोस्टाने विकली. पाच हजार प्रती बघता बघता संपल्या. त्याच वर्षअखेर ईएमआयचं कंत्राट मिळालं, आणि १९८० मध्ये पहिला अल्बम.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही स्टार्टअपची वाटेल. मला यात खरा रस आहे तो पुढच्या भागात, म्हणजे माणसं येण्या-जाण्याच्या भागात.

पहिल्या दोन अल्बमचा गायक पॉल डी'आनो. आवाज जबरदस्त, पण तब्येत आणि व्यसनं सांभाळता येईनात. १९८१ मध्ये त्याला काढलं आणि सॅमसन या बँडमधून ब्रूस डिकिन्सन आला. १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतर वर्षअखेरीस ड्रमर क्लाइव्ह बर गेला, आणि ट्रस्ट नावाच्या फ्रेंच बँडमधून निको मॅक्ब्रेन आला. १९९० मध्ये गिटारवाला एड्रियन स्मिथ बाहेर पडला, यानिक गर्स आत आला. १९९३ मध्ये खुद्द डिकिन्सनच गेला. मग ब्लेझ बेली गायक झाला, दोन अल्बम झाले, हॉल लहान होत गेले. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघंही परत आले.

आता इथे गंमत बघा. स्मिथ परत आला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या गर्सला सरळ नारळ देता आला असता. दिला नाही. तीन गिटारवाले ठेवले! कागदावर हे डिझाइन कुणी मंजूर करणार नाही. आमच्या ऑफिसात एका मोड्यूलवर तीन सीनियर बसवले तर तिसऱ्याच दिवशी एस्कलेशन. यांचं पंचवीस वर्षांहून जास्त चाललंय.

सगळंच काही इतकं गोड नाही. ब्लेझ बेलीला जावं लागलंच. डी'आनोचं पुढचं आयुष्य फार हालाचं गेलं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. क्लाइव्ह बरला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. तेव्हा मात्र ज्या बँडमधून तो वीस वर्षांपूर्वी बाहेर पडला होता त्याच बँडने २००२ मध्ये लंडनला त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केले, निधी उभा केला. २०१३ मध्ये तो गेला. म्हणजे काढलेल्या माणसांशीही नातं वेगवेगळं असतं. कुणाशी तुटतं, कुणाशी टिकतं, कुणाशी उशिरा जुळतं.

एवढी माणसं बदलल्यावर बँड तोच म्हणायचा का? हा प्रश्न मेटलवाल्यांत कायम चघळला जातो. मला तो कधी फार अवघड वाटला नाही, कारण मी होड्यांच्या गावातला. सोळाव्या शतकात आगाशीला जहाजं बांधली जायची, इतकी की पोर्तुगीजांना हे बंदर जाळावंसं वाटलं. आता आगाशीत ते काही उरलं नाही, पण शेजारी अर्नाळ्याला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी अजून चालते. सडलेली फळी काढायची, नवी बसवायची, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ सगळ्या फळ्या बदलतात. कोळी काही असं विचारत बसत नाही की ही तीच होडी का. नाव तेच, मालक तोच, समुद्र तोच. चला.

फक्त एक गोष्ट आहे. फळीला काही वाटत नाही. माणसाला वाटतं.

असो. आधी २००८ सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

मेडन भारतात पहिल्यांदा आले ते १७ मार्च २००७ ला, बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. तोवर भारतातल्या मेटलवाल्यांना सवय होती ती कॅसेटी आणि नंतर एमपीथ्री घासून घासून ऐकायची. एवढा मोठा हेवी मेटल बँड पूर्ण ताकदीनिशी इथे येऊन वाजवेल हे कुणाला खरं वाटत नव्हतं. मला त्या वेळी रिलीजमुळे जाता आलं नाही. पुढच्या वर्षी मात्र १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, मुंबई, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स. आणि नुसता कार्यक्रम नाही, 'समव्हेअर बॅक इन टाइम' या त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम! त्या दौऱ्यासाठी त्यांनी एक बोइंग ७५७ विमान रंगवून घेतलं होतं, सामानासकट सगळा ताफा त्यात, आणि विमान चालवायला कोण, तर गायक डिकिन्सन स्वतः. तो खरोखरच एका एअरलाइनमध्ये वैमानिक होता. संध्याकाळी गाणार तो माणूस स्वतः विमान चालवत लंडनहून मुंबईला आला. आमच्याकडे माणूस विरारहून अंधेरीला पोचला तरी दोन तास बोलायच्या अवस्थेत नसतो.

आम्ही तिघं गेलो. लोकलने बांद्रा, तिथून चालत. सुरुवातीला चर्चिलचं १९४० सालचं भाषण लागलं आणि पाठोपाठ 'एसेस हाय'. चर्चिल आणि मुंबई, हे जरा विचित्रच. पण खरं सांगतो, त्या क्षणी इतिहासाचं भान वगैरे कुणाला नव्हतं. पुढे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' झालं. कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवरचं तेरा-चौदा मिनिटांचं गाणं. शापित दर्यावर्दी, थांबलेला वारा, करकरणारं जहाज. गाण्याच्या मधोमध सगळं शांत होतं आणि नुसत्या लाकडांचा आवाज येतो. अर्नाळ्याच्या पोराला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही.

त्या दौऱ्यावर पुढे 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट निघाला (२००९), त्यात 'एसेस हाय' मुंबईचंच आहे. त्या गर्दीत आम्ही तिघं कुठेतरी आहोत. ठिपके म्हणून.

शेवटच्या विरार लोकलने उतरलो तर रिक्षा नाहीत. बोळिंजवरून चालत आगाशी. कानात नुसती शिट्टी. घरी पोचलो तेव्हा पहाट व्हायला आली होती आणि बाबा ओट्यावर बसले होते, वाडीला पाणी सोडायची त्यांची वेळ.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवादक. व्यवसाय वाडीचा, केळी आणि थोडी फुलं. पण ओळख पखवाजाची. 'अमक्यांचा मुलगा' असं म्हटलं की "म्हणजे पखवाजवाल्यांचा ना?" असंच येतं. माझ्या मेटलला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. आई ठेवायची. ते म्हणायचे, वाजवतात तर ताकदीने.

त्या पहाटे म्हणाले, "काय ऐकून आलास एवढं? दाखव बघू." मी इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' लावलं. १९८३ चं गाणं, निको मॅक्ब्रेनने मेडनच्या अल्बमवर वाजवलेलं पहिलं. सुरुवातच ड्रमने. बाबांनी ते पूर्ण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "खालचा तो धप धप आवाज पायाने काढतात ना? हा एकाच पायाने वाजवतोय का रे?"

मी चाट. कारण मेटलमधले बहुतेक ड्रमर त्या मोठ्या ड्रमसाठी दोन पेडल वापरतात, दोन्ही पायांनी. निको जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच पेडलवर, उजव्या पायाने वाजवत आला. हे मेटलवाल्यांत प्रसिद्ध आहे, त्यावर वाद आहेत, पैजा आहेत. बाबांना तीन मिनिटांत कळलं. "दोन असते तर सारखं पडलं असतं," म्हणाले. "एकाच पायाला दम लागतो, तो ऐकू येतो."

तेव्हापासून निको आमच्या घरात 'तुमचा पखवाज्या' झाला.

आता मुद्दा.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू. वेळेत हॉस्पिटलात नेलं, जीव वाचला, बोलणं महिन्याभरात बरंच सुधारलं, चालायलाही लागले. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. ज्यांना पखवाज माहीत नाही त्यांच्यासाठी: डाव्या बाजूच्या पुडीला कणकेचा गोळा थापतात, तिथून घुमारा निघतो. उजव्या बाजूला शाई असते, तिथे बोटांचं सगळं बारीक काम. बाबांचा घुमारा शाबूत होता. बारीक काम गेलं होतं.

फिजिओथेरपी झाली, रबरी चेंडू दाबून झाला, तांदूळ निवडून झाले. दिवाळीनंतर ते पुन्हा मंडळात जाऊन बसले. आणि तिथे पेच सुरू झाला. मंडळात पखवाज शिकलेला एक पोरगा होता, बाबांनीच शिकवलेला, तेव्हा बारावीत. पण गुरुजी समोर बसलेले असताना हा पखवाजाला हात लावणार कसा? आणि बाबा वाजवायला बसले की लय ओढली जायची, टाळकरी पुढे, पखवाज मागे. कुणी बोलत नव्हतं. गवई गजर लवकर आटपायला लागले. सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या हाताभोवती अख्खं भजन वळवून घेतलं होतं.

शेवटी आमचे एक काका, मंडळातले वीणेकरी, मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग बाबांना. आमच्याने होत नाही." मी म्हटलं, "काका, मंडळ तुमचं. मी कोण?" ते म्हणाले, "म्हणूनच."

मी ऑफिसात हे काम केलेलं आहे. वीस वर्षं एक सिस्टीम सांभाळलेल्या माणसाकडून केटी घ्यायची, एक्सेल शीट भरायची, शेवटच्या दिवशी केक कापायचा. त्याला आमच्याकडे ट्रान्झिशन म्हणतात. स्वतःच्या बाबांना सांगायला ते शब्द कामाचे नसतात. मी काही सांगितलं नाही. काकांनीही पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मेडनने जाहीर केलं की निकोला त्या वर्षीच्या जानेवारीत स्ट्रोक येऊन गेला होता. खांद्यापासून खाली उजवी बाजू गेली होती. वय ७०. मेमध्ये दौरा सुरू व्हायचा होता, हातात चार महिने. त्याने घासून मेहनत केली आणि दौऱ्याला उभा राहिला. कुणाला काही सांगितलं नव्हतं, लोकांना कळलं ते अर्धा उन्हाळा संपल्यावर. आणि त्या दौऱ्यात त्यांनी काय वाजवायला घेतलं? 'अलेक्झांडर द ग्रेट', १९८६ चं, ३७ वर्षांत एकदाही रंगमंचावर न वाजवलेलं!

मी बाबांना बातमी सांगितली. उजवी बाजू म्हटल्यावर त्यांनी हातातला चेंडू खाली ठेवला. "दाखव."

युट्यूबवर लोकांनी चढवलेले त्या दौऱ्याचे व्हिडिओ होते. बाबांनी चष्मा लावून, मोबाइल जवळ धरून पाहिले. मग जुनी रेकॉर्डिंग लावायला सांगितली. मग पुन्हा नवी. अर्धा-पाऊण तास हेच. शेवटी म्हणाले, "अवघड जागा सोडतोय तो. जिथे पूर्वी हात फिरवायचा तिथे साधा ठोका देऊन पुढे जातोय." निकोने स्वतःही तेच सांगितलं होतं, की काही जलद तुकडे आता जमत नाहीत, ते साधे करून वाजवतो. बाबांना इंग्रजी मुलाखत कळलेली नव्हती. त्यांनी ते ऐकलं होतं.

"पण लय सोडत नाहीये," एवढंच पुढे म्हणाले.

त्यानंतरच्या एकादशीला बाबांनी पखवाज घेतला आणि नुसता साधा ठेका धरला. तुकडे नाहीत, तिहाई नाही, लग्गी नाही. ज्या माणसाचं नाव तुकड्यांमुळे होतं त्याने तुकडे टाकून दिले. मंडळ एकदम सुटल्यासारखं झालं. लय परत जागेवर. गजर पुन्हा लांबायला लागले. सव्वा वर्ष हे असं चाललं, आणि मला वाटतं ते त्यांचं सगळ्यात चांगलं वादन होतं. हे मी मुलगा म्हणून म्हणत असेन, पण काकाही तेच म्हणाले.

मग ७ डिसेंबर २०२४. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर निको दौऱ्यांतून निवृत्त झाला. बेचाळीस वर्षांनी. स्वतः जाहीर केलं, शेवटचा कार्यक्रम वाजवला, उतरला. दुसऱ्या दिवशी बँडने नव्या ड्रमरचं नाव सांगितलं, सायमन डॉसन, हॅरिसच्याच दुसऱ्या बँडमधला.

बाबांना सांगितलं तर पहिला प्रश्न: "मग आता कोण बसणार?"

"दुसऱ्याच दिवशी नाव आलं."

"म्हणजे आधीच ठरवलेलं होतं."

"असणारच."

बाबा जरा थांबले. "त्याने ठरवलं की बाकीच्यांनी?"

मी म्हटलं, "तो म्हणतो त्याने."

"असेल," म्हणाले, आणि उठून वाडीत गेले.

त्याच आठवड्यात मोक्षदा एकादशी होती, ११ डिसेंबर. मी ऑफिसातून उशिरा पोचलो तेव्हा भजन सुरू झालेलं होतं. पखवाजावर तो पोरगा होता. बाबा त्याच्या मागे बसले होते, उजव्या हातात टाळेचा एक भाग नुसता धरून, डाव्या हाताने दुसरा त्यावर मारत. कधी ठरलं, कसं ठरलं, कुणी कुणाला काय सांगितलं, हे मला कुणीही आजवर सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

हे सगळं छान झालं असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण तसं नाहीये. पूर्वी संध्याकाळी आमच्या घरातून रियाजाचा आवाज यायचा, आता येत नाही. घरचा पखवाज गवसणीत आहे, ती वर्षभरात उघडलेली नाही. बाबा टीव्ही जास्त बघतात. आई म्हणते, "वाजवायचे तेव्हा कटकट वाटायची, आता घर खायला उठतं." योग्य वेळी बाजूला होणं ही मोठी गोष्ट वगैरे ठीक आहे, पण त्याची किंमत असते आणि ती मंडळ भरत नाही, घर भरतं. निकोच्या घरी काय असेल कोण जाणे.

मेडनचा ५० वर्षांचा दौरा २०२५ च्या मेमध्ये बुडापेस्टला सुरू झाला, नव्या ड्रमरसह. मी व्हिडिओ पाहिले. डॉसन चांगला वाजवतो. कॅनडावाल्या दोघांशी ग्रुपवर रात्रभर भांडणही झालं, की निकोशिवाय मेडन ही मेडन का. मी होडीचं उदाहरण दिलं. एकाने उत्तर दिलं, "साल्या, फळी तुझ्या घरातली निघाली की मग बोल."

मी लिहिलं, "निघाली." मग कुणी काही लिहिलं नाही.

बाबांना डॉसनचे व्हिडिओ दाखवले नाहीत. त्यांनी मागितलेही नाहीत. एक मात्र अजून चालू आहे. दर एकादशीला दुपारी बाबा स्वयंपाकघरात जाऊन परातीत कणीक घेतात आणि पखवाजासाठी गोळा मळतात, डाव्या हाताने. पोराची कणीक सैल होते म्हणतात, घुमारा नीट निघत नाही. पोरगा पाच वाजता येतो आणि डबा घेऊन जातो.

ज्यांना मेडन ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी 'पीस ऑफ माइंड' पासून करा. पहिलंच गाणं 'व्हेअर ईगल्स डेअर'. हेडफोन चांगला घ्या, आणि पाय ऐका.